मागची जागा

स्कॉटिश चित्रकार एलिझाबेथ ब्लॅकॅडर यांची फुलं कशावरच उभी नसतात. आयरिस, ट्यूलिप, लिली, ऑर्किड. खाली टेबल नाही, मागे भिंत नाही. पांढऱ्या कागदावर एकेक दांडा सुटा आणि मधे ऐसपैस मोकळी जागा. कधी त्यातूनच एखादं मांजर चाललेलं.

मला या मोकळ्या जागेचं अप्रूप वाटलं त्याला कारण आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी शाळेत आमच्याकडून वस्तुचित्रं घोटून घेत. घडा, कांदे, मागे चुण्या पडलेलं कापड. खाली सावली द्या, मागे रंग भरा, नाहीतर वस्तू हवेत लटकतात, असं सर पाठीशी उभे राहून सांगायचे. ते इतकं मुरलं की पुढे नोकरी लागल्यावर रविवारी हौसेनं रंगपेटी उघडायचो, तेव्हाही कागदाचा कोपरा कोरा राहिला तर चैन पडत नसे. ब्लॅकॅडरबाईंच्या चित्रात तर सगळंच लटकलेलं होतं, आणि पडत काहीच नव्हतं.

त्यांचा जन्म १९३१चा, स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कचा. गाव लोखंडाच्या ओतकामाचं. लहानपणी रानफुलं गोळा करायची, दाबून सुकवायची आणि खाली लॅटिन नाव लिहायचं, हा त्यांचा नाद. समीक्षक त्यांच्या मोकळ्या जागेसाठी जपानकडे बोट दाखवतात. खोटं नाही ते. १९८५मध्ये त्या पहिल्यांदा जपानला गेल्या, तिथला हातकागद त्यांनी वापरला, चित्रांत सोन्याचा वर्ख आला. पण फुलांचे जलरंग त्याआधीच सुरू झाले होते. मला विचाराल तर त्या मोकळ्या जागेचं मूळ सुकवलेल्या फुलांच्या त्या पानांत आहे. तिथेही फूल असंच एकटं, आडवं पडलेलं असतं. (वर्खाची चित्रं मला थोडी नटलेली वाटतात, हेही सांगून टाकतो.)

जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदच. जिथे उजेड हवा तिथे आधीच हात आवरायचा. मागाहून उजेड आणता येत नाही. आयरिसची पाकळी ओली असतानाच जांभळ्यात निळा सोडायचा, मग तो किती पसरेल हे थोडं तुम्ही आणि बरंचसं पाणी ठरवणार. बाई ते पाण्यावर सोपवतात. लगेच शेजारचा दांडा मात्र एका दमात, काटेकोर. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातलं चित्र प्रत्येक पुंकेसराचा हिशेब देतं. बाईंना झाडाची ठेवण पक्की ठाऊक आहे, म्हणूनच त्या हिशेब सोडू शकतात. मी हे करून पाहिलं आहे. रंग सोडणं जमतं, पुढे हात लावायचा नाही हे जमत नाही.

१९५६मध्ये त्यांनी चित्रकार जॉन ह्यूस्टनशी लग्न केलं. तो समुद्र आणि आभाळ दणकट तैलरंगात रंगवणारा. दोघंही एडिंबरा कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवत. बाईंनी १९८६पर्यंत शिकवलं. तैलरंगही केले, छापचित्रंही.

फुलं, मांजरं आणि त्यातून जलरंग, म्हणजे फावल्या वेळातला बायकांचा छंद, हा शिक्का जुना आहे. बाईंनी त्याला उत्तर देण्यात वेळ घालवला नाही. रॉयल अकादमी आणि रॉयल स्कॉटिश अकादमी या दोन्हींवर निवडून आलेली पहिली स्त्री त्या. २००१मध्ये स्कॉटलंडमध्ये राणीच्या चित्रकाराचं पद मिळालं, तिथेही पहिल्याच. आणि १९९५मध्ये ब्रिटिश टपाल खात्यानं त्यांची मांजरं तिकिटांवर छापली. चित्रकारासाठी मला तरी हा मान अकादमीहून मोठा वाटतो. पाकिटावर चिकटून चित्र अशा घरांत जातं, जिथे आर्ट गॅलरीचं नावही कुणी घेत नाही.

२३ ऑगस्ट २०२१ला त्या गेल्या. नव्वदी जेमतेम महिन्यावर होती.

त्यांची चित्रं पाहायला एडिंबराला जाणं झालं तर एक लक्षात ठेवा. जलरंग उजेडानं फिके पडतात, त्यामुळे संग्रहालयं ते कायम भिंतीवर टांगत नाहीत, बराच काळ अंधारात ठेवतात. तेव्हा नुसतं दालनांतून फिरून परतू नका. कागदावरची चित्रं पाहायची आहेत असं आधी कळवून वेळ मागून घ्या.