तुऱ्याची भाषा

मनुष्याने पक्षी पाळावयास प्रारंभ केला तेव्हापासून त्याची पक्ष्याकडून एक मोठी अपेक्षा राहिली आहे, ती ही की, पक्ष्याने मनुष्यासारखे बोलावे. एके काळी घरोघरी पिंजऱ्यात राघू असे. त्याने ‘विठू विठू’ म्हटले की घरच्या मंडळींना धन्यता वाटे, आणि पाहुणे आले म्हणजे त्याला बोलते करण्यासाठी हिरव्या मिरचीचे आमिष दाखविले जाई. पक्ष्यालाही स्वतःचे असे काही सांगावयाचे असेल, आणि ते तो दिवसभर सांगतही असेल, हा विचार मात्र फारच थोड्यांच्या मनात येत असे. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या रानातला पोपट पाळणे हा गुन्हा ठरला आहे. राघूची जागा पुष्कळ घरांत परदेशी मूळच्या, पण कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या पक्ष्यांनी घेतली आहे. त्यांपैकीच एक कॉकटील. पाखरांच्या बाजारात त्याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. पक्षी त्या नावालाही हरकत घेत नाही. मनुष्यवाणीचे अनुकरण त्याला बेताचेच साधते. परंतु त्याचे अंग मात्र इतके बोलके आहे, की त्याला मुका म्हणणाऱ्याने आपल्याच डोळ्यांना दोष द्यावा.

ह्या पक्ष्याचे माहेर ऑस्ट्रेलिया. तेथील किनाऱ्यालगतच्या दाट अरण्यांत तो फारसा आढळत नाही; खंडाच्या आतील कोरड्या, विरळ झाडीच्या माळरानांत तो थव्याने राहतो आणि जेथे पाऊस पडला असेल, गवताला बी धरले असेल, तेथे स्थलांतर करीत जातो. तेथील लोक त्याला ‘क्वारियन’ म्हणतात, तर पश्चिम भागात त्याचे नाव ‘वीरो’ असे आहे. योहान वाग्लर ह्या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये त्याच्यासाठी ‘निम्फिकस’ ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. निम्फ म्हणजे ग्रीक पुराणातील वनदेवता. एखाद्या शास्त्रज्ञालाही पक्षी पाहून वनदेवतेची आठवण व्हावी, ही त्या पक्ष्याच्या रूपाला मिळालेली मोठीच पावती होय. अंगाचा रंग राखाडी, पंखांवर पांढरा पट्टा, गालांवर नारिंगी टिळे, आणि चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी सुमारे ३० सेंटीमीटर. त्यातली जवळजवळ निम्मी शेपटीचीच. वजन म्हणाल तर ८० ते १०० ग्रॅम. आणि डोक्यावर तो सुप्रसिद्ध तुरा. हा तुरा त्याच्या कुळाची खूण आहे. तो काकाकुव्यांच्या कुळातला असून त्या कुळात सर्वांत लहान आहे. मनात येईल तेव्हा उभारता व मिटता येणारा तुरा हे त्या घराण्याचे वैशिष्ट्य.

थव्यातल्या पक्ष्याला भाषा का लागते, हे सहज ध्यानात येईल. माळावर बी टिपताना प्रत्येकाची मान खाली असते. ससाणा कोणत्या दिशेने येईल ते एकट्याला दिसत नाही. शेजाऱ्याने मान ताठ केली, तुरा उभारला, की ते पाहून दुसरा सावध होतो आणि क्षणार्धात सारा थवा आकाशात उठतो. अशा ठिकाणी खुणेकडे दुर्लक्ष करणारा पक्षी फार दिवस जगत नाही. घरात आलेला कॉकटील हीच भाषा बरोबर घेऊन येतो. फरक इतकाच, की तेथे त्याला शेकडो जाणकार होते आणि येथे त्याच्या भोवती सारे निरक्षर असतात.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर तुरा हे ह्या भाषेतील क्रियापद होय. तुरा सरळ उभा असेल तर पक्षी दचकला आहे किंवा काही नवल पाहून त्याचे कुतूहल जागे झाले आहे. तो किंचित मागे झुकलेला, मोकळा असेल तर पक्षी स्वस्थ आहे. आणि तुरा डोक्याला घट्ट चिकटवून, मान पुढे काढून, चोच उघडून तो फुत्कारू लागला, तर तो संतापलेला किंवा भयभीत आहे, आणि त्याच्या मते समोरच्याने आता दोन पावले मागे घेणे बरे. फुत्कारताना तो कधीकधी अंग डावी-उजवीकडे डोलवितो. पाहणाऱ्यांना हा नाच वाटतो! लहान मुले तर टाळ्या पिटून आणखी जवळ जातात. मग चोच बोटात रुतते आणि ‘पाखरू चावरे आहे’ असा त्याचा बोभाटा होतो. वास्तविक त्या पाखराने चावण्यापूर्वी तीन वेळा तरी नोटीस दिलेली असते. ह्याहून वाईट परिणाम पुढेच आहे. दिलेल्या इशाऱ्याचा काही उपयोग होत नाही असा वारंवार अनुभव आला, म्हणजे पक्षी इशारा देणेच सोडतो आणि एकदम चोच मारावयास शिकतो. मग त्याला पाळणारे म्हणतात, हा कधी उलटेल याचा नेम नाही. नेम त्यांनीच घालविलेला असतो.

क्रियापद कळले तरी वाक्य कळतेच असे नाही. पंखांचेच पाहा. नर कॉकटील कधीकधी दोन्ही पंख खांद्यापाशी अंगापासून किंचित दूर धरून ऐटीत फिरतो. मागून पाहिले तर तो आकार पिंपळपानासारखा दिसतो. त्या वेळी तो शीळ घालीत असतो, चोचीने दांडीवर टकटक करीत असतो, आणि मादीला, मादी नसली तर आरशाला किंवा एखाद्या चकचकीत पेल्याला, आपले वैभव दाखवीत असतो. पण वैशाखातल्या दुपारी तोच पक्षी पंख असेच अंगापासून दूर धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकीत असेल, तर त्यात वैभवाचा लवलेशही नाही. उकाड्याने त्याचा जीव कासावीस झालेला आहे आणि त्याला तत्काळ सावली, वारा व पाणी हवे आहे. खूण जवळजवळ तीच, परंतु अर्थ मात्र दोन टोकांचे. एखादा श्लेष सोडवावा त्याप्रमाणे मागचापुढचा संदर्भ पाहिल्यावाचून इलाज नाही.

त्यातल्या त्यात सोपी आणि गोड खूण म्हणजे मान खाली घालणे. कॉकटील समोर येतो, डोके पार वाकवितो, मानेवरची पिसे फुलवितो आणि तसाच उभा राहतो. ही नम्रता नव्हे. डोके खाजवून मिळावे ही मागणी आहे. नवी पिसे येतात तेव्हा ती बारीक आवरणात गुंडाळलेली असतात. अंगावरचे आवरण तो चोचीने स्वतः काढतो, पण स्वतःच्या डोक्यापर्यंत कोणाची चोच पोहोचणार? रानात हे काम जोडीदार करतो. म्हणून घरातल्या मनुष्यापुढे तो मान वाकवितो तेव्हा त्याने त्या मनुष्याला थव्यात घेतलेले असते. पुढे बोटांना पांढरी भुकटी लागते. ती त्याच्याच बारीक पिसांची असते आणि त्याच्या प्रकृतीचे ते सुलक्षण समजावे. (नेसत्या काळ्या कपड्यांची त्यानंतर जी दशा होते, तिचा विचार कॉकटील पाळण्यापूर्वीच केलेला बरा.)

थव्यात घेतल्याची दुसरी खूण कानांना जाणवते आणि ती बहुतेकांना त्रासदायक वाटते. मनुष्य खोलीबाहेर गेला, की पक्षी कर्कश हाक मारू लागतो. उडताना थव्यातले पक्षी एकमेकांना अशाच हाका देत असतात. ‘तू आहेस ना?’ एवढाच तिचा अर्थ. उत्तर म्हणून स्वयंपाकघरातून एक हलकी शीळ आली तरी त्याला ती पुरते. उत्तर न देता पुष्कळ लोक धावत येऊन त्याच्यावर ओरडतात. पक्ष्याच्या हिशेबी हे फारच मोठ्याने दिलेले उत्तर ठरते, आणि उद्यापासून तोही तितक्याच मोठ्याने विचारू लागतो.

येथवरच्या सर्व खुणा पक्षी आपण होऊन दाखवितो. एक गोष्ट मात्र तो प्राणपणाने लपवितो, आणि ती म्हणजे आजार. दुबळा पक्षी ससाण्याच्या नजरेत प्रथम भरतो. म्हणून दुखणे अंगाबाहेर येऊ द्यावयाचे नाही हा रानातला नियम त्याच्या रक्तात आहे. बरे नसले तरी तो बी टिपल्यासारखे करतो, कोणी जवळ आले की ताठ होतो. आजार उघड दिसू लागेपर्यंत कित्येकदा वेळ निघून गेलेली असते.

एका गावातल्या एका कुटुंबात असा प्रसंग घडला. पक्षी दांडीवर पिसे फुलवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. थंडीचे दिवस होते, आणि तो कापसाच्या गोळ्यासारखा गोजिरवाणा दिसत होता. आजोबा म्हणाले, ‘‘झोपला आहे बिचारा, निजू दे त्याला.’’ त्यांची नात सातवीत होती. ती पिंजऱ्यापुढून हलेना. ‘‘आजोबा, झोपताना हा एक पाय पोटाशी घेतो. आज दोन्ही पायांवर बसला आहे. आणि काल रात्री ह्याने चोच घासलीच नाही.’’ कॉकटील निजण्यापूर्वी चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर घासतो. त्याचा करकर असा बारीक आवाज येतो. तो समाधानाचा आवाज होय. मुलगी रोज अंथरुणात पडल्यावर तो ऐकत असे, म्हणून तो न आल्याचे तिला कळले. आजोबांनी चष्मा लावून पाहिले, तेव्हा प्रत्येक श्वासासरशी पक्ष्याची शेपटी खालीवर होत होती. मुलीने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. महिन्यापूर्वी तिने वहीत ९२ ग्रॅम लिहून ठेवले होते. काटा ७९ दाखवू लागला. शेकडा दहाहून अधिक घट म्हणजे एवढ्याशा देहाला फार झाली. आजोबांनी पुढे एक शब्दही न बोलता पायांत चपला घातल्या. पशुवैद्यांनी पक्ष्याला उबेत ठेवावयास सांगितले, औषधाचे थेंब दिले, आणि आणखी दोन दिवस गेले असते तर काही करता आले नसते असे स्पष्ट सांगितले. आठ दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. नवव्या रात्री अंधारातून पुन्हा करकर ऐकू आली, तेव्हा मुलीने हाक मारण्यापूर्वीच आजोबा उठून बसले होते.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. पिसे फुलविणे ही काही सदैव आजाराची खूण नव्हे. पिसे क्षणभर फुलवून, अंग झटकून, पुन्हा चापून बसविणे ही तर रोजची टापटीप आहे. एका बाजूचा पाय व पंख मागे ताणून आळस देणे, पाठोपाठ दोनचार जांभया, शेपटीचा एक झटका, हे सारे निरोगी आयुष्याचे किरकोळ विरामचिन्हांसारखे भाग आहेत. जो पक्ष्याला रोज पाहतो त्यालाच नेहमीचे आणि निराळे ह्यांतले अंतर उमगते. पुस्तक वाचून तेवढे एक येत नाही.

कॉकटील रात्री दचकतो, हेही त्याला पाळणाऱ्याने जाणून असावे. गडद अंधारात पाल सरपटली, रस्त्यावरच्या गाडीचा उजेड भिंतीवरून फिरला किंवा दिवाळीत पहाटे शेजारी फटाका उडाला, की तो झोपेतच वर झेपावतो आणि पिंजऱ्याच्या गजांवर आपटत राहतो. वाढत्या पिसांत रक्त असते. ती मोडली तर पंख रक्तबंबाळ होतात. त्या वेळी पिंजऱ्यात घाईने हात घालणे हा मोठाच अविचार होय, कारण वरून येणारा हात त्याला ससाण्यासारखाच वाटतो. खोलीत मंद दिवा लावावा, पिंजऱ्यापासून थोडे दूर उभे राहावे आणि रोजच्याच आवाजात काहीतरी बोलत राहावे. काय बोलावे ह्याला महत्त्व नाही. प्रथम त्याचा तुरा काठीसारखा उभा असतो, पंख थरथरत असतात, आणि तो बोलणाऱ्याकडे एका डोळ्याने पाहत असतो. मग धाप कमी होते. काही वेळाने तो दांडीवर चढतो, पिसे झटकतो, आणि तुरा हळूहळू मागे झुकू लागतो. तो पुरता झुकेपर्यंत दिवा मालवू नये.