माइसेन : एल्बेकाठची चिनी माती

ड्रेस्डेनहून एल्बे नदीच्या काठाने जाणारी लोकल गाडी माइसेनजवळ आली की टेकडीवरचा आल्ब्रेख्ट्सबुर्ग हा पंधराव्या शतकातला राजवाडा दिसू लागतो. १७१० मध्ये युरोपातील पहिला अस्सल पोर्सिलेनचा कारखाना येथेच सुरू झाला, कारण टेकडीवरच्या भिंतींआड गुपित राखणे सोपे होते. पोर्सिलेन म्हणजे काओलिन ही पांढरी माती आणि भट्टीत वितळून तिला सांधणारे खनिज यांचे मिश्रण अतिशय प्रखर आचेवर भाजून घडवलेले, पातळ असल्यास उजेड झिरपू देणारे भांडे. चीनला शतकानुशतके अवगत असलेली ही विद्या युरोपला ठाऊक नव्हती.

सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याला या भांड्यांचे इतके वेड होते की १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार देऊन १५१ चिनी नग घेतले. त्यांतले झाकणाचे उंच निळे-पांढरे रांजण ड्रेस्डेनच्या झ्विंगर राजवाड्यात आहेत आणि माइसेनला जाण्याआधी ते पाहावेत, म्हणजे स्पर्धा कोणाशी होती हे कळते. सोने करून दाखवण्याच्या बढाईपायी ऑगस्टसच्या कैदेत पडलेल्या बोट्गर या किमयागाराने चिर्नहाउस या विद्वानाच्या मार्गदर्शनाखाली आधी चीनमधल्या यीशिंगच्या चहादाण्यांच्या धर्तीचे लाल भांडे केले, मग १७०८ मध्ये त्याला पांढऱ्या पोर्सिलेनचे सूत्र गवसले. गुपित मात्र दहा वर्षांतच व्हिएन्नाला फुटले.

माती साधली तरी नक्षी चीनकडूनच येत राहिली. १७२० मध्ये आलेल्या हेरोल्ड या चित्रकाराने रंगवलेले चिनी लोक चहा पितात, छत्र्या मिरवतात. तो चीन त्याच्या कल्पनेतला होता आणि त्याची गंमतही त्यातच आहे. सुमारे १७४० च्या सुप्रसिद्ध ‘कांदा’ नक्षीत ही उसनवारी अधिक परिपक्व दिसते : ताटलीच्या मध्यभागी फुलांसह बांबूचे खोड, काठावर डाळिंबे आणि पीच यांसारखी फळे आणि सारे काही झिलईखालच्या कोबाल्टच्या निळ्या रंगात. युरोपीय डोळ्यांना ती अनोळखी फळे कांदे वाटली, असे या नावामागचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. हेरोल्डच्या काल्पनिक चिन्यांपेक्षा हीच नक्षी अधिक काळ टिकली. पुढे इतर कारखान्यांनी तिच्या एवढ्या नकला केल्या की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माइसेनने आपली एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन तलवारींची खूण ताटलीच्या दर्शनी बाजूस, बांबूच्या बुंध्यातच रंगवायला सुरुवात केली.