नामांतर आणि वांटणी

संगणकावर मोठे हिशेब ठेवण्याची जी बहुमितीय पद्धत सांप्रत रूढ आहे, तिच्यांतील कोठाराला तज्ज्ञ मंडळी 'क्यूब', म्हणजे घन, म्हणतात. आमचा पुतण्या याच विद्येवर पोट भरतो. त्याच्याकडून ती समजावून घेतां घेतां जे विचार मनांत आले, ते वाचकांपुढें ठेवीत आहों.

खतावणीच्या पानास दोन बाजू : एकीकडे महिने, दुसरीकडे खातीं. तींत तिसरी बाजू जिल्ह्यांची, चौथी मालाची अशी जोडीत गेलें, म्हणजे प्रत्येक आंकडा चार-पांच पत्त्यांच्या छेदावर बसतो. अशा कोठाराची विचारपूस करण्यास 'ओलॅप' ही संज्ञा कॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ मध्यें दिली.

या घनांत बदल दोन जातींचे : नांवाचा आणि घडणीचा. २०२३ मध्यें उस्मानाबाद जिल्ह्याचें नांव धाराशिव झालें. 'एसबेस' नांवाच्या प्रणालींत असें नामांतर केलें, तर एकही आंकडा जागचा हालत नाहीं. मात्र जुन्या नांवानें लिहून ठेवलेलीं गणितें मुकाट्यानें बदलत नाहींत; तीं ज्याचीं त्यानें शोधून दुरुस्त करावयाचीं. मायक्रोसॉफ्टच्या 'अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेस'मध्यें घनास दोन ओळखी असतात : आंतली कायमची, आणि बाहेरची, बदलतां येणारी. पाणिनीनें 'टि', 'घु', 'भ' अशा लोकव्यवहारांत अर्थ नसलेल्या संज्ञा योजल्या, त्यांची येथें आठवण होते. ज्या नांवास अर्थच नाहीं, तें बदलावें असें कोणास वाटणार?

आमच्या थोरल्या वहिनींचें माहेरचें नांव एक, लग्नांत तांदळांत लिहिलेलें दुसरें. बंधु वारल्यावर निवृत्तिवेतनासाठीं एका कचेरीनें त्यांना चवदा महिने खेपा घालावयास लावल्या. कारण शाळेचा दाखला एका नांवाचा, सेवापुस्तकांतील नोंद दुसऱ्या. व्यक्ति तीच, असें सांगणारा आंतला क्रमांक कोठेंच नव्हता. नांव बदलण्याचा सोहळा आपण हौसेनें करतों, पण जुन्या नांवावर चाललेले कागद कोणी उघडून पाहत नाहीं. आमच्या सुनेचें नांव आम्ही बदलूं दिलें नाहीं, तें यामुळेंच; काकूंना तें रुचलें नाहीं, अजूनहि रुचत नाहीं.

घडणीचा बदल निराळा. एसबेसमध्यें कांहीं मिती दाट, कांहीं विरळ मानतात. महिने आणि खातीं दाट धरलीं, तर १२ महिने व ५० खातीं मिळून ६०० घरांचा एक गठ्ठा होतो. एकच नवें खातें वाढविलें, कीं प्रत्येक गठ्ठा ६१२ घरांचा नव्यानें बांधावा लागतो. आणि बांधकाम चालू असतां जुनें व नवें दोन्ही जवळ ठेवावें लागत असल्यानें जागाहि जवळजवळ दुप्पट लागते. उलट जिल्हे ही विरळ मिती असेल, तर नव्या जिल्ह्यासाठीं बहुधा अनुक्रमणिका तेवढी बदलली कीं भागतें.

पण यंत्राला जें सोपें, तें हिशेबाला सोपें असतेंच असें नाहीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याची वांटणी होऊन पालघर जिल्हा निघाला. २०११ च्या जनगणनेंत ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. घनांत 'पालघर' हें नवें नांव घालणें क्षणाचें काम. परंतु त्यापुढें २०११ सालचें घर रिकामें! ठाण्याचा आंकडा तसाच ठेवला, तर पुढच्या गणनेंत लाखों माणसें नाहींशीं झाल्याचा भास होईल. जनगणनेच्या नोंदी तालुक्यांच्या, किंबहुना गांवांच्याहि असल्यामुळें निभावतें. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा या आठ तालुक्यांची बेरीज २९,९०,११६. ती वजा केली, कीं ठाण्याकडे ८०,७०,०३२ उरतात.

आमच्या घराची वांटणी झाली, तेव्हां आजोबांच्या वह्या आम्ही काढल्या होत्या. चाळीस वर्षांच्या त्या वह्यांत 'घरखर्च' एवढेंच एक खातें आहे. कोणाच्या शिक्षणाला किती लागले, कोणत्या सुनेचे दागिने मोडून शेत सोडविलें, तें त्यांत वेगळें लिहिलेलें नाहीं; आणि बेरजेंतून तें आतां कोणालाहि काढतां येणार नाहीं.