नावेचें जुनें यंत्र

माझे चिरंजीव अमेरिकेंत विस्कॉन्सिन संस्थानांत राहतात. तेथील शेजारचे वृद्ध गृहस्थ शरदृतूंत नावेंतून बदकांच्या शिकारीस जातात. त्यांच्या नावेचें जुनें यंत्र पाहावयास माझा नातू नेहमीं धांवतो. “मामंजी, त्याला तिकडे जाऊं द्यावें का?” असें सूनबाईंनीं मला विचारिलें. शाकाहारी घरांतला हा प्रश्न साधा नाहीं. म्हणून, निर्णय देण्यापूर्वीं मीं स्वतः तें यंत्र नीट पाहिलें.

नावेच्या मागल्या फळीस अडकवावयाचें असलें यंत्र लोकप्रिय केलें तें त्याच संस्थानांतील मिलवॉकीच्या ओले इव्हिनरूड यांनीं. नॉर्वेंत जन्मलेल्या या कारागिरानें १९०९ सालीं तें विक्रीस आणलें. व्यवहार व जाहिराती त्यांची पत्नी बेस पाहत असे. त्यांच्या नांवाचीं नवीं यंत्रें निघणें २०२० सालीं थांबलें. शेजाऱ्यांचें तीन अश्वशक्तीचें यंत्र सत्तर वर्षांचें आहे आणि अद्याप चालतें.

तें चालतें याचें कारण त्याची निगा. यांत वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळावें लागतें, चोवीस भागांस एक भाग. तेल कमी पडल्यास दट्ट्या घासून अडकतो. हंगाम संपतांच टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे लागतात, नाहीं तर पेट्रोल आटून बारीक छिद्रें बुजतात. खालच्या दंतचक्रांचें तेल दुधाळ दिसलें, तर आंत पाणी शिरलें असें समजावें. पंख्याच्या आसांत एक मऊ खीळ असते. पंखा ओंडक्यावर आदळला कीं ती तुटते आणि दंतचक्रें वांचतात. दोन-चार जादा खिळी व पक्कड घेतल्यावांचून ते गृहस्थ किनारा सोडीत नाहींत.

एवढी काळजी कशासाठीं, असें विचारतां त्यांनीं ११ नोव्हेंबर १९४० ची हकीकत सांगितली. त्या सकाळीं हवा उबदार होती. मिसिसिपीच्या वरच्या भागांतले शिकारी पातळ कपड्यांनिशीं नदींतील बेटांवर गेले. मग अकस्मात् वादळ व हिमवर्षाव सुरू झाला. लाटांपुढें लहान नावांना किनारा गांठतां येईना. कित्येक बुडाले, कित्येक बेटांवरच गारठून मेले. “तसल्या वादळापुढें यंत्राचें कांहीं चालत नाहीं,” ते म्हणाले, “पण पहिला ढग दिसतांच परत फिरावें, तर यंत्र तरी त्या क्षणीं सुरू झालें पाहिजे.”

पक्ष्यांचा वध मला मान्य नाहीं, हें मीं त्यांस स्पष्ट सांगितलें. ते हंसले आणि त्यांनीं तेलाची बाटली माझ्या हातीं दिली.

सूनबाईंना मीं सांगितलें तें असें: मुलानें बंदुकीस हात लावूं नये, परंतु हंगामाअखेर यंत्र उघडतील तेव्हां त्यास अवश्य पाठवावें. घेतलेली वस्तु जपावी, तिचें मर्म जाणावें, आणि दुसऱ्याचा जीव आपल्या दक्षतेवर अवलंबून आहे हें ओळखावें, एवढें तो तेथें शिकेल. चाळीस वर्षें फळ्यापुढें उभा राहून मीं मुलांना शिकवूं पाहत होतों, तें याहून निराळें नव्हतें.