बॅटरीची वायर

गेल्या पावसाळ्यात चुलत्यांच्या आजारपणासाठी अण्णा पाटणला गेले, ते पंचवीस दिवस आलेच नाहीत. ऐरोलीत आमच्या चाळीपुढे भाड्याची गाडी नुसती उभी होती. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, एवढे ऐकून होतो. घरात मोठा मुलगा मीच. दहा नंबरचा पाना घेतला, बॉनेट उघडले आणि निगेटिव्हची काळी वायर सोडवून ठेवली. मोठीच कर्तबगारी वाटली!

अण्णा आले. वायर जोडून त्यांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली, पण थरथरू लागली. रेस सोडली की बंद पडू पाहायची.

"काय केलंस रं गाडीला?" एवढेच ते म्हणाले. हप्ता तोंडावर आलेला. माझी फीसुद्धा याच गाडीतून निघते. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

अण्णांनी पंधरा वर्षे मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली. तिची वायर महिनाभर काढून ठेवली, तरी इंजिनाला त्याचे सोयरसुतक नसे. पेट्रोल-हवेचे माप कार्बोरेटरच्या स्क्रूवर ठरे, आणि तो स्क्रू अण्णा नुसत्या कानाने लावत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सीचे मुंबईतले दिवस संपले. या गाडीत स्क्रू शोधायचा कुठे?

रबाळ्याचा मेकॅनिक हसला. "बिघडलं काही नाही. गाडी विसरलीय."

गाडीत एक छोटा संगणक असतो. इंजिन जुने होते, हवेच्या वाटेत काजळी धरते. त्या मानाने पेट्रोल किती सोडायचे, गाडी उभी असताना हवा किती द्यायची, हे तो चालता चालता शिकतो आणि टिपून ठेवतो. पुष्कळ गाड्यांत ही टिपणे बॅटरीच्या जिवावर टिकतात. वायर काढली की ती पुसली जातात आणि कारखान्यातल्या मूळ आकड्यांपासून पुन्हा सुरुवात. "इंजिन गरम होऊ द्या, मग थांबत-पळवत फिरवा. तरी थरथरली, तर मात्र दुसरं काही असेल," असे त्याने बजावले.

संध्याकाळी आम्ही खाडीपुलावरून मुलुंडला जाऊन आलो, मग ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भ्याकडे निघालो. अण्णांनी काच खाली घेतली होती. पाऊस आत येत होता, तरी कान इंजिनाकडे. कोपरखैरण्याच्या सिग्नलला गाडी शांत उभी राहिली. अण्णा माझ्याकडे पाहून काहीच बोलले नाहीत.

घड्याळ मात्र चुकलेलेच होते. ते कसे लावायचे, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. खणातली इंग्रजी पुस्तिका चार वर्षे प्लास्टिकच्या पिशवीतच होती. ती मी उघडली. घड्याळ लावले. पाने चाळताना बॅटरीचे पान निघाले.

"मोठ्यानं वाच," अण्णा म्हणाले, "आन् मराठीत सांग."