सईला, तिच्या पहिल्या टर्कीआधी

प्रिय सई,



थँक्सगिव्हिंगला घरी जाऊ न शकणारे बाराजण तुझ्याकडे जेवायला येणार आणि टर्की तू करणार, हे वाचून मला फार बरं वाटलं. माणसं बोलावून त्यांना पोटभर जेवू घालायची हौस तुला आजीकडून आली आहे. खाली तू एवढंच विचारलंस, की मावशी, टर्की किती तास भाजायची? त्याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण त्या ओळीवर विसंबून तुझी टर्की चांगली झाली नसती. म्हणून सविस्तर लिहिते. तुझ्यासारखी परगावी शिकणारी आणखी मुलंमुली हे वाचतील, त्यांच्याही उपयोगी पडेल.

टर्की ओव्हनमध्ये जाते गुरुवारी, पण तिचं बरंवाईट आदल्या शनिवारपासून ठरत जातं. आधी विकत काय घ्यायचं ते पाहा. माणशी एक पाउंड हा इथला सरळ हिशेब आहे, हाडं धरून. तुमच्यासाठी तेरा पाउंडांची, म्हणजे सहा किलोच्या आसपासची टर्की पुरेल. दुकानात वीस-बावीस पाउंडांच्या टर्क्या दिसतील, त्यांच्या मोहात पडू नकोस. एवढा मोठा पक्षी आतपर्यंत भाजेस्तोवर बाहेरून कोरडा पडतो. माणसं वाढलीच तर दोन लहान टर्क्या आण. घेताना वेष्टनावरची बारीक अक्षरं वाच. बऱ्याच टर्क्यांत मिठाचं पाणी आधीच टोचून भरलेलं असतं आणि तसं वेष्टनावर लिहिलेलं असतं. कोशर टर्कीलाही मीठ लावलेलं असतं. तशी असेल तर पुढे सांगते ते मीठ लावायचं नाही.

गोठलेली टर्की शनिवारी सकाळी फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेव, खाली खोल ताट घालून. दर चार-पाच पाउंडांना फ्रीजमध्ये एक अख्खा दिवस लागतो. म्हणजे मंगळवारी ती हाताला मऊ लागेल. ओट्यावर ठेवून वितळवायची नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेव. आतला गाभा बर्फ असतानाच वरचं मांस चाळीस अंश फॅरनहाइटच्या वर जातं आणि तिथे जंतू वाढायला लागतात. बुधवार उजाडला आणि आत अजून दगड असला, तर वेष्टनासकट गार पाण्यात बुडवायची आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं. पाउंडाला अर्धा तास या हिशेबाने तेरा पाउंडांना साडेसहा तास जातील.

आता एक गोष्ट तुझ्या आईला आवडणार नाही. आपल्याकडे कोंबडी आणली की आधी चार पाण्यांतून काढायची, हळद-मीठ चोळायचं, लिंबू पिळायचं. टर्की धुवायची नाही. अमेरिकेचं कृषी खातं वर्षानुवर्षं हेच सांगत आलं आहे आणि कारण अगदी पटण्यासारखं आहे. नळाखाली धरलं की कच्च्या मांसावरचे शिंतोडे सिंकभर, ओट्यावर, शेजारी ठेवलेल्या कोशिंबिरीच्या भांड्यावर उडतात. पक्ष्यावरचे जंतू मारायचं काम ओव्हन करतो, ते पाण्याने होत नाही. कागदी रुमालांनी आतून-बाहेरून टिपून कोरडी कर, एवढं पुरे. पोटाच्या आणि मानेच्या पोकळीत हात घालून बघ. तिथे मान असते आणि कागदाच्या पुडीत कलेजी, काळीज वगैरे असतं. ते काढून झाकून फ्रीजमध्ये ठेव, लागणार आहे.

मीठ लावायचं मंगळवारी रात्री. या सगळ्या खटाटोपातलं एकच काम तुला करता येणार असेल, तर हे कर. पाच पाउंडांना एक मोठा चमचा जाडसर कोशर मीठ, म्हणजे तुझ्या टर्कीला अडीच चमचे. घरातलं बारीक मीठ असेल तर त्याच्या निम्मं घे, कारण बारीक मीठ चमच्यात जास्त मावतं. छातीवर जास्त, मांड्यांवर त्याहून कमी, पंखांवर नुसतं भुरभुरवायचं. छातीवरची कातडी बोटांनी हलकेच सैल करून थोडं मीठ आतही सारव. मग काहीही न झाकता फ्रीजमध्ये ठेव. पहिल्या काही तासांत मीठ मांसातलं पाणी ओढून बाहेर आणतं. त्या पाण्यात मीठ विरघळतं आणि हळूहळू ते पाणी परत आत जिरतं. आत गेलेल्या मिठाने मांसातली प्रथिनं थोडी सैलावतात, त्यामुळे भाजताना ती घट्ट आवळून रस पिळून टाकत नाहीत. इकडे न झाकल्यामुळे कातडी वाळते, आणि वाळलेली कातडीच ओव्हनमध्ये कुरकुरीत होते. टर्की बादलीभर खारवणीत बुडवून ठेवायची पद्धतही इथे आहे. तुमच्या चौघींच्या एका फ्रीजमध्ये ती बादली मावायची नाही. शिवाय माझ्या जिभेला त्या टर्कीची छाती पाणचट लागते.

मसाल्याचं तू विचारलं नाहीस, पण आपल्या घरातला कुणी ना कुणी फोनवर सांगेलच, की तिला आलं-लसूण, दही, तिखट फासून तंदुरी टर्की कर. करू नकोस. दह्याने कातडी ओली राहते आणि मसाला एवढ्या जाड छातीत बोटभरसुद्धा उतरत नाही, वरच्यावर करपतो. माझं दुसरंही कारण आहे. तुझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे जण इथलेच आहेत. घरापासून लांब असताना त्यांना त्यांच्या आईच्या हातची टर्की आठवत असणार. त्या दिवशी त्यांना तीच चव मिळू दे. लोणी, मिरी, थाइम आणि सेजची पानं, लिंबाची साल. आपली चव शेजारच्या पदार्थांत आण. क्रॅनबेरीच्या सॉसमध्ये आलं आणि सुकी लाल मिरची फार छान लागते.

आणि हा पक्षी आपल्याला अगदीच परका आहे असं समजू नकोस. तो मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोच्या लोकांनी पाळीव केलेला. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो आपल्या गोव्याला उतरला. जहांगीर बादशहाने मुकर्रब खान या आपल्या सरदाराला दुर्मीळ वस्तू आणायला गोव्याला पाठवलं होतं. १६१२ साली त्याने दरबारात हजर केलेल्या प्राण्यांत टर्कीही होती. तिच्या डोक्या-गळ्याचे रंग पालटतात याचं बादशहाला इतकं नवल वाटलं, की त्याने ते आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आणि चित्रकार मन्सूरकडून चित्र काढवून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जमलं तर टेबलावर याची गोष्ट सांग.

दुसरी गोष्टही त्या टेबलावर ठाऊक असावी. १६२१ मध्ये प्लिमथला इंग्रज वसाहतवाले आणि तिथले मूळ रहिवासी वाम्पानोआग लोक तीन दिवस एकत्र जेवले. त्या जेवणाबद्दल वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोचं जे पत्र उपलब्ध आहे त्यात रानपक्ष्यांचा आणि वाम्पानोआगांनी आणलेल्या पाच हरणांचा उल्लेख आहे, टर्कीचं नाव नाही. दरवर्षी साजरा होणारा राष्ट्रीय सण लिंकनच्या १८६३ च्या घोषणेपासूनचा, आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला १९४१ मध्ये. त्याच गुरुवारी मूळ रहिवासी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात, १९७० पासून. आपण या देशात उशिरा आलेली माणसं आहोत. सण आनंदाने करावा आणि हेही माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता भाजण्याकडे. टर्कीची खरी अडचण ही, की तिच्या एकाच अंगात दोन प्रकारचं मांस आहे. छातीचं मांस पांढरं, बिनचरबीचं. १६५ अंशांना ते शिजून तयार होतं आणि त्यापुढे झपाट्याने कोरडं पडत जातं. तंगडीचं मांस काळपट, चिवट धाग्यांचं. ते धागे विरघळून मऊ व्हायला त्याला १७५ तरी लागतात. अख्खी टर्की नेहमीसारखी पाठीवर ठेवली की छाती वर, आचेत उघडी, आणि मांड्या खाली ट्रेच्या आडोशाला. म्हणजे जिला कमी आच हवी तिला जास्त मिळते. वर्षानुवर्षं लोक सुकी छाती ग्रेव्हीत बुडवून गिळतात, त्याचं कारण हेच आहे.

म्हणून तू टर्की उलगडून भाज. मजबूत कात्रीने पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापून कणा काढून घ्यायचा, पक्षी उलटा करून छातीच्या हाडावर दोन्ही तळहातांनी जोर द्यायचा. कट्ट असा आवाज येईल आणि तो पुस्तकासारखा सपाट उघडेल. हे मीठ लावायच्या आधी, मंगळवारीच उरकून टाक. ताजी टर्की घेतलीस तर दुकानातला खाटीक करून देईल. अशी सपाट टर्की सगळीकडून सारखी भाजते, तंगड्या आचेत उघड्या येतात आणि सगळी कातडी वर राहते. ४२५ अंशांवर, मोठ्या पसरट ट्रेमध्ये जाळीवर ठेवायची. जाळीखाली कांदा, गाजर, सेलरीचे तुकडे आणि दोन पेले पाणी, म्हणजे गळणारी चरबी जळून धूर होत नाही. कातडीला तेलाचा हात फिरव. तेरा पाउंडांना साधारण दीड तास, पण पाऊण तासानंतर लक्ष ठेवायला लाग. टेबलावर अख्खा पक्षी मिरवता येत नाही, एवढाच तोटा. मी तो आनंदाने सोसते.

अख्खीच भाजायची असं सगळ्यांनी ठरवलंत, तर ३२५ अंशांवर तीन ते पावणेचार तास धर आणि छातीचा रंग लवकर चढला तर तिच्यावर फॉइल टाक. दर अर्ध्या तासाला दार उघडून वरून रस शिंपडत बसू नकोस. ओव्हन गार होतो आणि कातडी ओली होते. पावाचं स्टफिंग पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाज. पोटात भरलं तर त्याचाही गाभा १६५ अंशांना पोचावा लागतो आणि तोवर छाती हातची जाते.

हे सगळे तास अंदाजाचे आहेत. तुमचा ओव्हन खरा किती तापतो, टर्की आत गेली तेव्हा किती गार होती, यावर पाऊण तास इकडे-तिकडे सहज होतो. भरवसा ठेवायचा तो थर्मामीटरवर. छातीच्या सगळ्यात जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूला टोचायचा, हाडाला टेकवायचा नाही. हाड मांसापेक्षा वेगळं तापतं आणि आकडा चुकवतं. छातीत १६५, मांडीत १७५. कातडीचा रंग, तंगडी हलते का, रस पारदर्शक आहे का, यांवर विसंबू नकोस. काही टर्क्यांत आधीच खोचलेली प्लॅस्टिकची खुंटी असते, शिजली की वर येणारी. ती बहुधा फार उशिरा वर येते.

काढल्यावर अर्धा तास तिला हात लावायचा नाही. तेवढ्यात रस परत मांसात स्थिरावतो, आणि तुला ग्रेव्ही करायला वेळ मिळतो. कणा, मान, काळीज यांची आळणी बुधवारीच उकळून ठेव. कलेजी त्यात घालू नकोस, कडवटपणा येतो. ट्रेमधला रस गाळून वरची चरबी वेगळी काढ. तीन चमचे चरबीत तीन चमचे मैदा बदामी होईस्तोवर परत, मग दोन पेले आळणी थोडी थोडी घालत घोट, म्हणजे गुठळी होणार नाही. ट्रेचा रस शेवटी घाल, चव बघून, कारण तो खारट असतो. कापताना आधी तंगड्या सांध्यातून सोडव, मग छातीची दोन्ही अंगं हाडावरून अख्खी उतरवून आडव्या फाका कर.

एक राहिलंच. थँक्सगिव्हिंग गुरुवारीच येतं. तुझ्या आपल्याकडच्या मैत्रिणींत गुरुवार पाळणाऱ्या कुणी असतील, एखाद्या वर्षी मार्गशीर्षही लागलेला असतो. त्यांना आधी विचार. त्यांचं स्टफिंग भाज्यांच्या पाण्यात वेगळं कर आणि त्यांच्यासाठी मसाल्याची एक भरगच्च भाजी असू दे, नुसती उकडलेली बीन्स पुढे सरकवू नकोस. आमच्या ओळखीतली काही घरं टर्की शुक्रवारीच करतात, तसंही चालतं.

जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत उरलेलं मांस फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, ते तीन-चार दिवस टिकतं. हाडं टाकू नकोस. शुक्रवारी ती मोठ्या पातेल्यात उकळ आणि त्या पाण्याचा कोल्हापुरी तांबडा रस्सा कर, उरलेल्या मांसाचे तुकडे घालून. सगळा मसाला तिथे घाल, हात आखडू नकोस.

थर्मामीटर याच आठवड्यात घे. पंधरा-वीस डॉलरचा चांगला मिळतो आणि त्याच्यावाचून ओव्हन पेटवू नकोस. गुरुवारी मी दिवसभर घरीच आहे. काहीही अडलं तर फोन कर, हात टर्कीत असतील तर मैत्रिणीला करायला सांग.

तुझी,
मावशी