हलक्या अंगाची

जिप्सी दिसायला चौकोनी. उभी काच, सपाट बॉनेट, कापडी हूड नाहीतर पत्र्याचं छप्पर. गोल म्हणावेत असे फक्त दिवे आणि चाकं. 1985 च्या डिसेंबरात मारुतीने ती आणली आणि 2018 संपता संपता सामान्य गिऱ्हाइकासाठी तिचं बुकिंग बंद झालं. मधल्या तेहतीस वर्षांत तिचा चेहरा जवळपास तसाच राहिला. बदल झाले ते पोटात. आधी 970 सीसीचं छोटं इंजिन, मग डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर थोडं वाढलं, 1996 मध्ये तेराशे सीसीची जिप्सी किंग आली, आणि 2000 च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आलं. तेव्हा तिची ताकद 80 अश्वशक्तीवर पोचली, आणि तिथेच थांबली.

नवी आता मिळत नाही. जिप्सी घ्यायची म्हणजे कुणाच्या तरी हाताखालून आलेलीच घ्यायची. डोंगरासाठी जुनी गाडी घ्यायची असेल तर माझ्या लेखी आजही पहिलं नाव तिचंच आहे. याचं कारण तिच्या वजनात आहे. कापडी हूडची जिप्सी किंग रिकामी असताना हजार किलोंपेक्षा थोडी कमीच भरते. आजच्या भल्यामोठ्या फोर बाय फोर गाड्या याच्या दुप्पट असतात. सपाट महामार्गावर ते वजन सुखाचं वाटतं, पण पावसाळ्यात लाल मातीच्या चढावर तेच खाली ओढतं. जड गाडी चिखलात रुतते, मग तिला बाहेर काढायला तितकाच दांडगा ट्रॅक्टर शोधावा लागतो. जिप्सी चिखलावरून तरंगल्यासारखी जाते आणि अडकलीच तर चार माणसं खांदा लावून तिला काढतात. रुंदीने ती दीड मीटरच्या जरा वर. वरंधा घाटात समोरून एसटी आली की या अरुंद अंगाची किंमत कळते.

जिप्सीला चढ आवडतो असं म्हणण्यापेक्षा तिला सावकाशपणा आवडतो असं म्हणणं जास्त खरं. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक आखूड दांडा असतो. एका जागी मागची दोनच चाकं ओढतात, दुसऱ्या जागी चारही, आणि तिसऱ्या जागी चारही चाकं ओढतात पण फार हळू आणि फार जोराने. या तिसऱ्या जागेला सगळे ‘लो’ म्हणतात. लोमध्ये पहिला गिअर टाकून सोडलं की गाडी माणसाच्या चालीने दगडगोट्यांतून वर सरकते. कच्च्या उतारावर तर या लोची खरी करामत दिसते. मोठ्या उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो, पकड सोडतो, आणि घाटात असे किती अपघात झालेत ते ट्रकवाल्यांना विचारावं. जिप्सी लोमध्ये असली की इंजिनच तिला मागे धरून ठेवतं. पाय ब्रेकच्या जवळ ठेवायचा, पण त्याच्यावर भार टाकायचा नाही.

हिमालयात तिची आणखी एक परीक्षा होते. मनालीहून ग्रामफू, छत्रू, बातल करत कुंझुमची खिंड ओलांडून काझाला जाणारा रस्ता घ्या. खिंडीवर उंची साडेचार हजार मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढंच पेट्रोल जाळू शकतं, म्हणून 80 पैकी पन्नासच्या आतच अश्वशक्ती हाताशी उरतात. हलक्या गाडीला तेवढ्या पुरतात. पण इंजिन कार्ब्युरेटरचं असेल तर हवा विरळ झाली तरी पेट्रोल पूर्वीच्याच हिशोबाने येत राहतं. गाडी काळा धूर सोडते आणि वळणावर बंद पडते. इंजेक्शनची जिप्सी हवेचा दाब मोजून पेट्रोल आवरते. म्हणून स्पिती-लडाख मनात असेल तर 2000 नंतरचीच घ्यावी. सह्याद्रीपुरती हवी असेल तर कार्ब्युरेटरची जिप्सीही खुशाल घ्यावी, आपले घाट तिला गुदमरवण्याइतके उंच नाहीत. टाकी मात्र 40 लिटरचीच. मनाली सोडल्यावर काझापर्यंतच्या दोनेकशे किलोमीटरमध्ये या रस्त्यावर पंप नाही, आणि लोमध्ये चाललेली जिप्सी पेट्रोल चांगलंच पिते. वाटेतले नाले सकाळी पार करायचे, कारण दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं. 1999 मध्ये सुरू झालेल्या रेड द हिमालय या शर्यतीत याच मुलखात वर्षानुवर्षं जिप्सी पळाल्या, आणि मनालीच्या सुरेश राणांसारख्या चालकांनी तिच्याच बळावर नाव कमावलं.

बाजारात ज्या जिप्सी येतात त्यांची मागची आयुष्यं ठरावीक असतात, आणि प्रत्येक आयुष्य अंगावर वेगळी खूण ठेवून जातं.

पहिली सैन्यातून आलेली. भारतीय सैन्याने जिप्सी हजारोंनी वापरली. सामान्य विक्री थांबल्यावरही सैन्यासाठी काही बनत राहिल्या. लिलावातून सुटलेली अशी गाडी वेळच्या वेळी तेल-पाणी झालेली असते, पण ओझं वाहून तिचे पाटे दबलेले असतात, आणि तिचं वायरिंग साध्या मेस्त्रीला लवकर उमगत नाही. दुसरी जंगलातली. ताडोबात मोहर्ली किंवा कोलारा गेटवर पहाटे ज्या उघड्या जिप्सी रांगेत उभ्या असतात, त्यांनी धूळ आणि धक्के पोटभर खाल्लेले असतात. मागचा भाग कापून उंच बाकं बसवलेली असतात, त्यामुळे मूळ पत्रा परत मिळत नाही. नंबरप्लेट पिवळी असेल तर खाजगी करून घ्यायला आरटीओत वेगळे हेलपाटे. तिसरी हौशी माणसाची. जाड टायर, उंचावलेली कमान, पुढे विंच, छतावर दिव्यांची माळ. आणि चौथी कुठल्याशा डॉक्टरांच्या, बागायतदाराच्या किंवा कॉन्ट्रॅक्टरच्या दारात उभी राहिलेली, कंपनीतून आली तशीच.

मी चौथीच घेईन. तिसरीवर वारेमाप पैसा खर्च झालेला असतो, हे मान्य. पण कमान उंचावली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. जाड टायरचं वजन डिफरेन्शियलवर आणि चाकाच्या बेअरिंगवर येतं. कुणाच्या तरी हौसेची किंमत आपल्याला गॅरेजमध्ये चुकती करावी लागते. आधी न सजवलेली जिप्सी घ्यावी, तिच्याबरोबर दोन पावसाळे काढावेत, आणि मग काय बदलायचं ते तिच्या वागण्यावरून ठरवावं.

तिचा स्वभाव मला आवडतो तो इथेच. विकणारा काहीही सांगेल, जिप्सी काही लपवत नाही. तिच्यात लपवायला जागाच नाही. खाली शिडीसारखी चॅसी, पुढेमागे अखंड एक्सल, पाट्यांच्या कमानी. जे आहे ते सगळं उघडं आणि हाताला लागणारं. जाणता मेस्त्री गाडीभोवती फेरी मारणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणतो, “दादा, वरून काय बघताय? गोणपाट टाका आणि खाली झोपा.” त्याचं ऐकावं.

खाली झोपल्यावर आधी चॅसी. माठ घेताना आपण टिचकी मारतो तसा छोट्या हातोडीने तिच्यावर जागोजागी ठोका मारत जावं. घट्ट लोखंड खणखणीत वाजतं, आतून सडलेलं बद्द वाजतं आणि त्याचे पापुद्रे अंगावर पडतात. मागच्या कमानीचे हँगर आणि बॉडी जिथे चॅसीवर बसते त्या जागा सगळ्यात आधी जातात. मग आत येऊन पायाखालचं मॅटिंग उचलावं. काचेच्या चौकटीचा खालचा कोपरा बोटाने दाबावा. रत्नागिरी-अलिबागकडची किंवा गोव्यातली गाडी असेल तर दुप्पट वेळ द्यावा. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून पत्रा आतून खातात. खालून नुकताच काळा थर मारलेला दिसला तर त्याच्याखाली काय आहे हे मालकाला सरळ विचारावं, आणि उत्तर पटलं नाही तर उठून निघावं. इंजिन दुसरं मिळतं, गिअरबॉक्स दुरुस्त होतो, पण सडलेल्या चॅसीवर वेल्डिंगचे तुकडे जोडून डोंगरात जाऊ नये.

पुढच्या चाकांच्या मागे हात घालून पाहावा. तिथल्या नकलच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याच्या, सीलमधून ग्रीस आणि तेल मिसळून ओघळत असेल तर ते जिप्सीचं जुनं दुखणं. खर्च फार नाही, पण दुर्लक्ष किती झालंय ते त्यावरून कळतं. पुढचं चाक जॅकवर उचलून वरखाली हलवलं की किंगपिनचं बेअरिंग गेलंय का ते लगेच हाताला लागतं. ते गेलं की साठच्या वेगात एखादा खड्डा लागला तरी स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं. घाटात ते जीवावर बेतू शकतं.

मग चक्कर. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून दाखवणाऱ्याला थांबवावं. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये मधला डिफरेन्शियल नाही. टणक रस्त्यावर वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापू पाहतात आणि ती सगळी ओढाताण त्या आखूड दांड्याखालच्या पेटीच्या, म्हणजे ट्रान्सफर केसच्या, दातांवर येते. मोकळ्या मातीत न्यावं. लो टाकून एखाद्या उतारावर पाय सोडून पाहावं. दांडा आपोआप बाहेर उडी मारत असेल तर आतले दात आणि फोर्क झिजलेत. हेही या जातीचं ओळखीचं दुखणं आहे, पण उतारावर लो सुटला की गाडी एकदम मोकळी धावते, म्हणून ते दुरुस्त केल्याशिवाय तिला डोंगर दाखवू नये.

कागदांचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते काम कंटाळवाणं असलं तरी अवघड नाही. चॅसीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं पुन्हा पासिंग करावं लागतं. 2022 च्या एप्रिलपासून खाजगी कारच्या फेरनोंदणीची फीही चांगलीच वाढली. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम ठेवली, आणि तिथल्या कित्येक गाड्या एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांकडे निघाल्या. त्यांत चांगल्या जिप्सीही असतात. पण महाराष्ट्रात आणल्यावर इथला रोड टॅक्स भरावा लागतो, तो किमतीत आधीच धरावा. सैन्याच्या गाडीची लिलावाची कागदपत्रं हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये.

ती काय देत नाही, तेही मनापासून सांगायला हवं. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, कंपनीचा एसी नाही. पाट्यांमुळे मागे बसणाऱ्याला प्रत्येक दगड कळतो. एक चाक हवेत गेलं की ताकद त्याच चाकात वाया जाते, कारण डिफरेन्शियल लॉक नाही. रस्ता निवडण्याची अक्कल चालवणाऱ्याकडेच असावी लागते. म्हणून घरातली एकुलती एक गाडी म्हणून, लहान मुलांना घेऊन दर शनिवारी द्रुतगती मार्गावर जायला जिप्सी घेऊ नये. तिचा वेग तो नाही, तिचं रक्षणाचं कवचही तेवढं नाही. 2023 मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी तिच्याच घराण्यातली, अखंड एक्सल आणि लो सांभाळून एअरबॅगही देणारी. ज्यांना डोंगर आणि घर दोन्ही एकाच गाडीत हवंय त्यांनी ती जुन्या बाजारात शोधावी. ज्यांना रविवारी हात काळे करून घेण्यात आनंद आहे, आणि जे ऐंशीच्या वर जाण्याची घाई करत नाहीत, जिप्सी त्यांची.

घरी आणली की इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियलचं तेल बदलायचं. काढलेलं तेल फेकायच्या आधी पांढऱ्या फडक्यावर ओतून बघायचं. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, नाल्यात बुडवलेली गाडी आहे. चमकणारे कण असतील तर दात झिजताहेत. मग पावसाळा सरल्यावर, सामान न भरता, एखादा ओळखीचा घाट उतरायचा. तळाशी थांबल्यावर चारही चाकांच्या हबजवळ हात न्यायचा, लगेच टेकवायचा नाही, नुसती धग घ्यायची. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जायला लागलंय. ते उघडून बघितल्यावरच पुढचा घाट ठरवायचा.